सीरतीचा अभ्यास : कथन, साखळी आणि कसोटी

मागच्या व्याख्यानात आपण हदीस म्हणजे काय ते पाहिलं. आजचा विषय सीरत, म्हणजे पैगंबरचरित्र. पुष्कळांना वाटतं, मदरशात किंवा इस्लामी विद्यापीठात या विषयाचा अभ्यास म्हणजे नुसतं गुणवर्णन. तसं नाही.

मदिनेचं इस्लामी विद्यापीठ १९६१ सालचं. तिथे अक्रम जिया अल्-उमरी या इराकी अभ्यासकाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक काम लावून दिलं. प्रत्येकाने एकेक मोहीम घ्यायची, जसं बद्र, बनू मुस्तलिक, हुदैबिया. तिच्याविषयीचं प्रत्येक कथन गोळा करायचं आणि हदीसच्या कसोटीला लावायचं. कोणी कोणाकडून ऐकलं ही साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतला माणूस विश्वासू होता का? स्मरणाने पक्का होता का? ज्याचं नाव घेतो त्याला तो भेटला असणं शक्य होतं का? मग शेरा द्यायचा : सहीह, हसन किंवा जईफ.

याची गरज का पडली? इब्न इसहाक (मृत्यू सुमारे ७६७) हा आद्य चरित्रकार. त्याचा ग्रंथ आज आपल्याला मुख्यतः इब्न हिशामच्या संपादनातून मिळतो. इब्न इसहाक बरेचदा अनेकांची कथनं जोडून एक सलग गोष्ट करतो. वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण कुठलं वाक्य कोणाचं, हे हरवतं.

आता एक उदाहरण बघा. बनू मुस्तलिकची मोहीम इब्न इसहाक हिजरी ६ मध्ये धरतो, वाकिदी हिजरी ५ मध्ये. वर्षभराचा फरक, त्यात एवढं काय? याच मोहिमेहून परतताना हजरत आयेशांवर किटाळ आलं. बुखारींच्या संग्रहातल्या कथनात त्यांची बाजू घेऊन मशिदीत साद इब्न मुआज उभे राहतात. पण साद तर खंदकाच्या लढाईत जखमी होऊन वारले, आणि ती लढाई बहुतेक इतिहासकार हिजरी ५ मध्ये धरतात. मग हिजरी ६ मध्ये ते बोलतील कसे? इब्न इसहाककडे त्या जागी उसैद इब्न हुदैर बोलतात. वाकिदी मात्र ही मोहीम खंदकाच्या आधी ठेवतो, आणि मग अडचणच उरत नाही.

गंमत अशी की हदीसच्या परीक्षकांनी वाकिदीला फार दुबळा ठरवलेलं आहे! म्हणजे दुबळ्या साक्षीदाराचं वर्ष सहीह कथनाशी जुळतं. जईफ याचा अर्थ खोटं असा नव्हे. केवळ या साखळीवर ते सिद्ध होत नाही, एवढाच.

म्हणून अल्-उमरींचं म्हणणं असं : श्रद्धा आणि कायदा ज्यावर उभा राहतो, तिथे कसोटी कडक ठेवा. तारखा, वाटा, माणसांची संख्या असल्या तपशिलांत तेवढीच कडक ठेवली, तर चरित्राचा मोठा भाग हातातून जाईल. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर विधानावर भार केवढा, त्या मानाने पुरावा मागायचा. मात्र तो भार कोणी ठरवायचा, हा प्रश्न उरतोच. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.