पिंपातला चुना, शिवारातले चोपण

ऑक्टोबरातली गोडी छाटणी आटोपली की सायखेड्याच्या गोदाकाठी द्राक्षबागांना कोवळी फूट येते आणि ऐन दिवाळीत केवड्याची, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूची, धास्ती लागते. पानांवर ओल टिकली की ही बुरशी फुटीबरोबर घडही नेते. तिच्यावरच्या जुन्या उपायात, बोर्डो मिश्रणात, अल्कलीचे काम डोळ्यांनी पाहता येते.

‘अल्कली’ हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ वनस्पतींची राख. राखेने तेलकट भांडी निघतात ती याच गुणाने. पाठ्यपुस्तके तिला ‘अल्क’ म्हणतात: पाण्यात विरघळणारा, आम्लाचा जोर मोडणारा पदार्थ. पापडखार त्यातलाच, चुनाही त्यातलाच.

मोरचुदाचे नुसते पाणी आम्लधर्मी. ते फवारले तर पाने करपतात. म्हणून एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना घेतात. कोवळ्या फुटीवर जोर कमी ठेवतात. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत कालवून मग एकत्र करतात. चुन्याने आम्ल मरते आणि तांब्याचा आकाशी साका तयार होतो. तो पानाला धरून राहतो. चुना पुरला का, हे लोखंडी विळा सांगतो. बुडवलेल्या पात्यावर तांबूस थर चढला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे. आणखी चुना हवा.

फ्रान्समधील मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली निरोगी राहिल्याचे मियार्दे यांनी हेरले आणि १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला.

पिंपात तारणारी अल्कली जमिनीत मात्र मारते. निचरा नसलेल्या काळ्या रानाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिले की सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, सामू ८.५ च्या वर जातो. माती ओली असताना चिकट, वाळली की दगड; पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. हीच चोपण जमीन. तिला चुना नव्हे, जिप्सम लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर काढावा लागतो. चर नसेल तर जिप्समचा खर्च वाया.

पिंपातली चूक विळा तत्काळ दाखवतो. जमिनीतली चूक पीक खुंटल्यावरच दिसते. तोवर काही वर्षे गेलेली असतात. म्हणून माती परीक्षण आणि निचऱ्याचा चर, दोन्ही आधी.