गाडीत बदल केला, पण विमा कंपनीला सांगितलं का?



आज थोडा वेगळा विषय घेतोय. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) बरेच शिक्षक रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडीने शाळेला जातात. पेट्रोल परवडत नाही म्हणून कुणी सीएनजी किट बसवतं, कुणी जास्तीचे दिवे लावतं, कुणी पुढे लोखंडी गार्ड ठोकतं. गाडी आपली, पैसे आपले, मग कुणाला कशाला सांगायचं, असं आपल्याला वाटतं. आमच्या एका सहकारी सरांनाही तसंच वाटलं होतं.

सरांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये किट बसवून घेतलं. आरसी बुकात मात्र इंधन 'पेट्रोल'च राहिलं. विमा दरवर्षी मोबाईलवरून दोन मिनिटांत भरायचे. तिथे 'सीएनजी किट आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' आधीच निवडलेलं असायचं आणि सर पुढे जायचे. एके दिवशी उभ्या गाडीने पेट घेतला. सुदैवाने आत कुणी नव्हतं. कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला आणि महिनाभरात पत्र आलं : दावा नामंजूर. गाडी गेली, कर्जाचे हप्ते राहिले. सरांनी वैतागून ते पत्र कपाटात टाकून दिलं. ही दुसरी चूक. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

विमा म्हणजे विश्वासाचा करार

विमा कंपनी आपली गाडी रोज बघायला येत नाही. आपण सांगतो त्यावरून ती धोका मोजते आणि हप्ता ठरवते. म्हणून विम्याच्या करारात 'परम सद्भाव' हे तत्त्व मानतात. धोक्यावर परिणाम करणारी कुठलीही गोष्ट लपवायची नाही, आणि न विचारता राहिली असेल तरी आपणहून सांगायची. मुलाला ॲलर्जी असेल तर सहलीला पाठवताना पालक बाईंना आधीच सांगतात ना? तसंच हे.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. बदल लपवल्याचा पहिला फटका या दुसऱ्या भागाला बसतो. पहिल्या भागातही आपण सुटतोच असं नाही. अटींचा भंग झाला असेल तर न्यायालय बऱ्याचदा कंपनीला आधी जखमी माणसाला भरपाई द्यायला लावतं आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं.

कायदा काय म्हणतो?

याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग सगळेच बदल बेकायदा का? नाही. आपण तीन गट करू.

१. परवानगी आणि नोंद करून चालणारे : मान्यताप्राप्त सीएनजी किट, रंग बदलणं, दिव्यांग व्यक्तीसाठी हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर. आरटीओकडे जाऊन आरसीत नोंद करायची. नगरचे एमएच १६ असोत की श्रीरामपूरचे एमएच १७, नियम सगळ्यांना सारखाच.

२. फक्त विमा कंपनीला सांगायचे : म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर यांसारख्या मूळ रचना न बदलणाऱ्या वस्तू. सांगितलं नाही तर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत.

३. करायचेच नाहीत असे : चासी कापणं, कर्कश सायलेन्सर, पुढचे बुल बार. बुल बारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या. धडकेचा धक्का त्यामुळे वेगळ्या रीतीने पोचतो आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही.

सांगितलं तर किती खर्च? गणित करू

मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफमधली कलमं आजही पॉलिसीवर 'आयएमटी' क्रमांकाने दिसतात. सीएनजी किटसाठी आयएमटी २५ आहे. त्यात बाहेरून बसवलेल्या किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये असा हिशेब आहे. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडू शकतो.

समजा किट ५०,००० रुपयांचं आहे.
४ टक्के = २,००० रुपये
थर्ड पार्टी = ६० रुपये
एकूण = २,०६० रुपये
जीएसटी १८ टक्के = ३७०.८० रुपये
वर्षाचा जादा खर्च = २,४३०.८० रुपये

म्हणजे महिन्याला साधारण २०० रुपये. सरांनी 'वाचवले' ते एवढेच, आणि त्यापायी गाडीची अख्खी रक्कम अडकली. सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. मुलं घरी जाऊन वडिलांना विचारतात, हा माझा अनुभव आहे.

सांगितल्याने कधी फायदाही होतो. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदल करून आरसीत नोंदवलेल्या गाडीला आयएमटी १२ खाली ओन डॅमेज हप्त्यात ५० टक्के सवलतीची तरतूद आहे. आपल्या दिव्यांग सहकाऱ्यांना हे सांगा. पुष्कळांना माहीतच नसतं.

परदेशी गाडी आणि आपलं नगर

परदेशातून आणलेल्या गाडीशी आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, तोही थेट! आपल्या नगरच्या वाहननगरात व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मध्ये नव्या वाहनाचा नमुना तपासणाऱ्या संस्थांत तिचं नाव आहे. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं आणि ती मुंबई बंदरातूनच आणायची, असे आयातीचे नियम आहेत. ती ज्या संस्थांकडे तपासायला द्यायची त्यांत पुण्याची एआरएआय आहे, तशीच नगरची व्हीआरडीईही आहे.

विम्याच्या बाजूने अशा गाडीचे दोन प्रश्न असतात. पहिला किमतीचा. विम्याची रक्कम म्हणजे आयडीव्ही. ती निर्मात्याच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून काढतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. इथे न विकल्या जाणाऱ्या मॉडेलला अशी किंमतच नसते. म्हणून सीमाशुल्काची कागदपत्रं दाखवून आयडीव्ही कंपनीशी लेखी ठरवून घ्यावी लागते. दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. ते बाहेरून येतात, महाग पडतात, म्हणून हप्ताही वाढतो. सीमाशुल्क न भरता आणलेल्या गाड्यांसाठी टॅरिफमध्ये (आयएमटी १९) ओन डॅमेजवर ३० टक्के जादा आकार होता, तो याच कारणाने.

पालकांनी एवढं नक्की बघावं

आपली मुलं ज्या व्हॅनने शाळेत येतात तिचं आरसी बुक कधी बघितलंय का? इंधनापुढे सीएनजी लिहिलंय का? पॉलिसीत किटची नोंद आहे का? सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का? आणि गाडी खासगी नोंदणीची असून भाड्याने मुलं नेत असेल तर तो वेगळाच धोका. चालकदादांवर ओरडू नका. पालकसभेत मुख्याध्यापकांसमोर शांतपणे कागद मागा.

दावा नाकारला तर?

आता सरांची दुसरी चूक. नकाराचं पत्र म्हणजे शेवट नव्हे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. सर चौदाव्या महिन्यात जागे झाले! ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून तो रस्ता उरला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात असं म्हटलं की खासगी विमा असलेली गाडी भाड्याने वापरली, अशा अटीच्या भंगातही कंपनीने दावा पूर्ण फेटाळू नये, काही रक्कम कापून तडजोडीने द्यावा. सरांचं प्रकरण किटचं आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण मांडायला आधार आहे. त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. निकाल यायचा आहे.

आजचा गृहपाठ (मोठ्यांसाठी)

आज घरी गेल्यावर आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, रंग हे चारही जुळतात का बघा. मग खाली जाऊन प्रत्यक्ष गाडी बघा. कागद आणि गाडी यांत फरक दिसला तर आधी आरटीओ, मग कंपनीला ईमेल, आणि दुरुस्त पॉलिसी हातात येईपर्यंत पाठपुरावा. एजंटला तोंडी सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.

मुलांना आपण 'खरं बोला' शिकवतो. विम्याच्या अर्जातही तेच करायचं आहे.