पोरगं मोबाईलवर लढाई खेळतंय... त्यात त्याला नेमकं काय मिळतं? घ्या समजून

संध्याकाळी धारा काढून झाल्या की आता बऱ्याच घरांत एकच चित्र दिसतं. पोरगं कोपऱ्यात मोबाईल नाहीतर लॅपटॉप घेऊन बसलेलं. पडद्यावर घोडदळ, किल्ले, तोफा. आई जेवायला हाका मारते आणि पोरगं म्हणतं, "थांब गं, पाचच मिनिटं." बाप वैतागून विचारतो, "आरं, त्या मारामारीत ठेवलंय काय?"

प्रश्न बरोबर आहे. फक्त तो रागाने विचारला की उत्तर मिळत नाही. उत्तर माहीत असेल तर पोराशी बोलणं सोपं जातं आणि खिशाला लागणारी कात्रीही वेळेत दिसते.

हा गेम असतो तरी कसा?

उदाहरण म्हणून 'एज ऑफ एम्पायर्स २' घेऊ. १९९९ मध्ये आलेला हा कॉम्प्युटर गेम २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला आणि आजही जगभर खेळला जातो. सुरुवातीला खेळाडूकडे साधारणपणे एक मुख्य इमारत, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार टेहळ्या असतो. बाकी नकाशा काळाकुट्ट. टेहळ्या जिथे जाईल तेवढाच भाग दिसतो.

अन्न, लाकूड, सोनं आणि दगड गोळा करायचं. त्यातून घरं, शेतं, छावण्या, किल्ले उभे करायचे, सैन्य तयार करायचं आणि समोरच्याला हरवायचं. बुद्धिबळात एकाची चाल झाली की दुसऱ्याची येते. इथे तसं नाही. दोघांचं काम एकाच वेळी चालू असतं. तुम्ही विचार करत बसलात, तरी समोरचा थांबत नाही. म्हणून याला रिअल-टाईम गेम म्हणतात.

म्हणजे खेळाचा मोठा भाग मारामारीचा नसून कारभाराचा आहे. एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं. पुढच्या युगात जायला ५०० अन्न लागतं. आज माणसं वाढवायची की साठा करून पुढे जायचं? शेत करायला ६० लाकूड लागतं आणि काही वेळाने ते संपतं, पुन्हा पेरायला पुन्हा लाकूड. बियाण्याला पैसा घालायचा की हात राखून ठेवायचा, हा हिशेब शेतकऱ्याच्या घरात नवा नाही. तिथे फक्त पावसाची वाट बघावी लागत नाही.

माणूस गेमकडे का ओढला जातो?

रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये व्हिडिओ गेमवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाच्या मनाच्या तीन गरजा गेममध्ये भागतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो, असा त्याचा निष्कर्ष. या लढाईच्या गेमला त्या तिन्ही लागू पडतात.

पहिली गरज, 'मला जमतंय' हे कळण्याची. भालाईत घोडदळाला भारी, तिरंदाज भालाइताला भारी आणि घोडदळ तिरंदाजाला भारी. समोरच्याने काय आणलंय ते बघून आपण काय काढायचं हे शिकावं लागतं. ऑनलाइन सामन्यात खेळाडूला गुण असतात आणि साधारण त्याच तोडीचा गडी समोर दिला जातो. म्हणून सामना अटीतटीचा होतो. हरला तरी आपण कुठे चुकलो ते झालेला सामना पुन्हा चालवून बघता येतं. वर्षभर राबून शाळेत एकदा निकाल लागतो, इथे तासाभरात लागतो.

दुसरी गरज, 'माझं मी ठरवलं' ही. अठरा-वीस वर्षांच्या पोराला घरात कोण विचारतं? कुठलं पीक घ्यायचं ते वडील ठरवतात, कुठल्या कॉलेजात जायचं ते गुण ठरवतात. गेममध्ये मात्र पूर्ण राज्य त्याच्या शब्दावर चालतं. जिंकला तरी त्याचं, बुडाला तरी त्याचंच.

तिसरी गरज सोबतीची. चार विरुद्ध चार असे सामने होतात. एकाने घोडदळ सांभाळायचं, दुसऱ्याने तिरंदाज. अडचणीत साथीदाराला अन्न, सोनं पाठवता येतं. गावातली दोस्त मंडळी शिक्षणाला, कामाला पांगली की ही सोबत आणखी मोलाची वाटते.

इतिहासाची ओढ वेगळीच

नुसता कारभारच करायचा तर कुठलाही गेम चालला असता. मग इतिहासाचाच का? कारण नाव ओळखीचं असलं की जीव गुंततो. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये पूर्वी सगळे भारतीय एकाच गटात होते. २०२२ मध्ये बंगाली, द्रविड, गुर्जर आणि हिंदुस्तानी असे गट झाले, राजेंद्र चोळाच्या मोहिमाही आल्या.

मराठी पोरांना जवळचा वाटावा असा गेम म्हणजे २००९ चा 'एम्पायर : टोटल वॉर'. त्यात राज्याचा कारभार पाळीपाळीने चालतो आणि लढाई रिअल-टाईम होते. खेळ सुरू होतो १७०० सालापासून आणि खेळाडूला मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं. खऱ्या इतिहासात त्याच वर्षी राजाराम महाराजांचं निधन झालं आणि महाराणी ताराबाईंनी कारभार हाती घेतला. 'त्या जागी मी असतो तर?' हा प्रश्न आपल्याकडे पारावरसुद्धा रंगतो. गेममध्ये तो स्वतः खेळून बघता येतो.

पण गेम म्हणजे इतिहास नव्हे

हे पोराला सांगायलाच हवं. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये सैनिक तयार करताना एकदा अन्न खर्च झालं की पुढे त्याला भूक लागत नाही. पानिपतावर काय झालं? अब्दालीने रसद तोडली, माणसं-जनावरं उपाशी राहिली आणि अखेर १४ जानेवारी १७६१ ला भुकेल्या पोटी मराठी फौज मैदानात उतरली. जी गोष्ट तिथे जिवावर बेतली, तीच गेममध्ये नाही. गेम आवडला असेल तर पोराच्या हातात पुस्तकही द्या. गोडी लागलेली असतेच, तिला वाट हवी.

खरी मेख इथे आहे

वर सांगितलेले गेम एकदा विकत घेऊन खेळता येतात. मोबाईलवर मात्र तशाच किल्ल्यांचे, तशाच घोडदळाचे फुकट गेम भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांत इमारत बांधायला आधी दोन मिनिटं लागतात, मग दोन तास, मग दोन दिवस. थांबायचं नसेल तर पैसे भरा. काहींमध्ये आपण झोपलेलो असताना दुसरा हल्ला करून साठा लुटून नेतो, म्हणून पोरगं रात्री उठून मोबाईल बघतं.

म्हणजे 'जमतंय', 'ठरवलं' आणि 'सोबत' या त्याच तीन गरजांना गळ लावलेला असतो. डोकं चालवणारा मागे पडतो आणि पैसे भरणारा पुढे जातो. २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. गेममधली तलवार किंवा सोनं विकत घेणं ही त्यापेक्षा वेगळी बाब आहे. तिथे राखण आपली आपणच करायची.

घरच्यांनी काय करावं?

• प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली 'अ‍ॅपमधील खरेदी' असं लिहिलंय का ते बघा.
• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू करा. यूपीआयचा पिन पोरांना देऊ नका.
• मध्येच मोबाईल हिसकावू नका. सामना चालू असेल तर साथीदारांचाही खेळ मोडतो आणि पोरगं चिडतं. आधीच ठरवा : एक सामना, मग जेवण.
• खेळावर ताबा राहत नाही, अभ्यास-काम-झोप मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. नुकसान दिसू लागलं की वर्ष संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

आणि एकदा शेजारी बसून विचारा, "बाळा, तू कुठलं राज्य घेतलंस? सोनं कुठून आणतोस?" पोरगं सांगू लागेल. घरचा हिशेब, पेरणीचा खर्च, बाजाराचा भाव यावरही त्याचं मत एकदा विचारून बघा. गेममध्ये राज्य चालवणाऱ्याला घरातही एखादा निर्णय घेऊ द्यायला हरकत नाही.