चाळीतला पंप, इन्शुलिनची पूड
लेखांक सहावा

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या शेजारीशेजारी. एकीत दम्याचे काका, दुसरीत शुगरच्या काकू. काकांचा पंप गॅलरीच्या कठड्याला टेकून, गप्पा मारता मारता व्हायचा. चौकोनी भोकात कॅप्सूल खोचायची, बूड फिरवायचं, टक् आवाज आला की एक खोल श्वास. काकूंचं मात्र साग्रसंगीत. फ्रीज उघडा, सुई लावा, पोटावर कालची जागा सोडून आजची शोधा. लग्नाच्या पंगतीत तर ताटं वाढायच्या सुमाराला त्या हमखास गायब. एकदा त्यांनीच विचारलं, "अरे, यांचं औषध ओढून घेता येतं, मग माझंच का टोचायचं?"

इन्शुलिन गोळीतून का देता येत नाही, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. ते प्रथिन असल्यामुळे पोटात त्याचं वरणातल्या डाळीसारखंच पचन होतं. काकूंचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि जुनाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्सन या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जर्मन डॉक्टरांनी ते श्वासावाटे देऊन पाहिलं होतं. साखर उतरली, पण बहुतेक औषध वाया गेलं.

काकांचं आणि काकूंचं काम वेगळं आहे, हे आधी ध्यानात घेऊ. काकांच्या औषधाला श्वासनळ्यांपर्यंतच जायचं असतं. तिथले आवळलेले स्नायू सैल केले की झालं. इन्शुलिनला तिथे थांबून चालत नाही. त्याला नळ्यांच्या टोकाच्या वायुकोशांत उतरून, भिंत ओलांडून रक्तात शिरायचं असतं. शिवाय ते अंगाने थोराड. काकांच्या साल्ब्युटामॉलचा रेणुभार २३९, इन्शुलिनचा ५८०८. म्हणजे जवळजवळ चोवीसपट.

तरीही वाट आहे, कारण ती भिंत फारच पातळ आहे. वायुकोश कोट्यवधी, सगळे उलगडून अंथरले तर सत्तर ते शंभर चौरस मीटर भरतील. दहा बाय बाराच्या आमच्या सहा-सात खोल्या त्यात सहज मावतात. हवा आणि रक्त यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी अर्धा मायक्रॉनसुद्धा अंतर नसतं. इन्शुलिनएवढं प्रथिन इथून काही मिनिटांत पलीकडे जातं. प्रथिन जितकं मोठं, तितकी गती मंद; अँटिबॉडीसारख्या दीड लाख रेणुभाराच्या धुडांपैकी फारच थोडी पार होतात.

खरी अडचण तिथवर पोहोचण्याची. पाच मायक्रॉनपेक्षा मोठा कण घशाच्या वळणावरच आदळतो, आणि तिथून गिळला की पुन्हा पोट. फारच बारीक कण श्वासाबरोबर तसाच बाहेर पडतो. हवा साधारण एक ते पाच मायक्रॉनच्या मधला. हा आकडा मुंबईकराला ओळखीचा वाटायला हवा: थंडी सुरू झाली की रोज बातम्यांत येणारं पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक धूळ. शहराची धूळ ज्या मापामुळे खोल जाते, नेमक्या त्याच मापाची पूड औषधवाल्यांना दळायची असते. गिरणगावाला हे कोणी सांगायची गरज नाही. कापसाची धूळ ओढून ओढून गिरणी कामगारांना जडणारा बिसिनोसिस याच नळ्यांतला. सुट्टीनंतर सोमवारी कामावर परतलं की छाती जखडायची, ही त्याची खूण.

फुप्फुसात प्रथिन पहिल्यांदा रुळलं ते फुप्फुसाच्याच आजारासाठी. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये कफ गोंदासारखा घट्ट होतो, कारण त्यात मेलेल्या पेशींचा डीएनए साचलेला असतो. तो डीएनए तोडणारं डॉर्नेज अल्फा हे एन्झाइम नेब्युलायझरमधून द्यायला अमेरिकेत १९९३ मध्ये परवानगी मिळाली. त्याला भिंत ओलांडायची नव्हती.

ओलांडणारं पहिलं प्रथिन आलं जानेवारी २००६ मध्ये, फायझरचं एक्झुबेरा. आणि त्याने काय आपटी खाल्ली! यंत्र उघडलं की टेनिसच्या चेंडूंच्या डब्याएवढं. लग्नात सुई लपवता येते, हा डबा कुठे लपवणार? मात्रा युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये. त्यातही एक-एक मिलिग्रॅमच्या तीन पुड्या म्हणजे तीन मिलिग्रॅमची एक पुडी नव्हे, तीन सुट्या पुड्यांतून जास्त इन्शुलिन अंगात जायचं. हिशेब चुकला तर साखर घसरणार. ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरने ते गुंडाळलं आणि सुमारे २.८ अब्ज डॉलर खर्ची टाकले. माझ्या मते इथे फुप्फुसाने दगा दिलाच नाही. ते यंत्र घेऊन चारचौघांत वावरणारा माणूस कोणी डोळ्यांसमोर आणला नव्हता.

दुसरा प्रयत्न मॅनकाइंड या अमेरिकी कंपनीचा, अफ्रेझा. अमेरिकेत जून २०१४ मध्ये मंजूर. यंत्र शिट्टीएवढं, मुठीत झाकलं जाईल असं. पुडीतली हुशारी अशी की वाहक पदार्थाचे दोन-अडीच मायक्रॉनचे स्फटिक-कण आम्लात घट्ट राहतात, पण फुप्फुसातल्या आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा ओलाव्यात लगेच विरघळतात. इन्शुलिन मोकळं होतं. रक्तातली पातळी पंधरा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि मात्रेनुसार दीड ते तीन तासांत परिणाम ओसरतो. अन्नाच्या साखरेचा चढउतारही साधारण याच वेगाचा.

भारतात ते आणण्याचा करार २०१८ मध्ये सिप्लाने केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, प्रौढांपुरती. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापलेली, मुंबई सेंट्रलला वाढलेली आणि आता लोअर परळहून कारभार बघणारी हीच ती कंपनी, जिच्या रोटाकॅप्सनी आमच्यासारख्या चाळींना पंप ओढायला शिकवलं.

अटी मात्र कडक आहेत. दमा किंवा सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुनाट आजार असेल तर हे घ्यायचंच नाही. श्वासनळ्या अचानक आवळण्याचा धोका आहे. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनाही नाही. सुरू करण्यापूर्वी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची; पुन्हा सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. खोकला पुष्कळांना येतो. गंमत बघा, उभ्या चाळीत पूड ओढण्यात तरबेज माणूस एकच, आणि उद्या काकांना शुगर निघाली तर त्यांनाच हे वर्ज्य.

काकूंचं तसं नाही. पण त्यांनी वीस वर्षं बंद खोलीत रॉकेलचा स्टोव्ह पेटवलाय, आणि खिडकी थेट रस्त्यावर. पूड लिहून देण्याआधी डॉक्टर त्यांना नळीत फुंकायला लावतील, ते यासाठीच.

हे सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी रात्रीच्या, दिवसभर पुरणाऱ्या इन्शुलिनचं विचारलं. ते मात्र टोचावंच लागेल, म्हटलं. ही पूड फक्त जेवणापुरती.

"म्हणजे सुई सुटत नाहीच."

"पंगतीतली सुटेल, काकू."