कूलर चालू ठेवायचा की बंद?

मे महिन्यातलं अकोला. बाहेर पारा 45 च्या पुढे, घरात कूलर घरघरतोय आणि दीड वर्षाच्या लेकराचं अंग तव्यासारखं. आजी म्हणते, "बंद कर तो कूलर, लेकराले हवा लागन," आणि गोधडी काढते. आई फ्रिजच्या पाण्याची पट्टी घेऊन येते. दोघींची माया खरी, पण उपाय दोघींचेही चुकीचे.

विषाणू शिरला की मेंदू स्वतःच शरीराचं तापमान चढवतो, कारण त्या उष्णतेत जंतूंची वाढ मंदावते. त्यावर गोधडी घातली की उष्णता आतच कोंडते. बर्फगार पाण्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लेकरू कुडकुडतं आणि कुडकुडण्यानं अंग आणखी तापतं. तेव्हा पातळ सुती झबलं घालावं, कूलर चालू ठेवावा पण झोत अंगावर नको, आणि पुसायचंच तर कोमट पाण्यानं पुसावं.

वऱ्हाडात एक जास्तीची पंचाईत आहे. टिनाच्या खोलीत गुंडाळून ठेवलेलं लेकरू नुसत्या उकाड्यानंही तापतं. (2024 च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात कलम 144 लावावं लागलं होतं, म्हणजे बघा.) लेकरू हुशार असेल तर कपडे सैल करून, गार खोलीत आणून, अर्ध्या तासानं थर्मामीटर पुन्हा लावावा. पारा 100.4 फॅरनहाइटच्या वर राहिला तर ताप. पण उन्हातून आलेलं लेकरू भाजत असेल आणि गुंगीत असेल, तर तो उष्माघात. तिथे मात्र गार पाण्यानं भिजवत थेट दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉल तिथे काही करत नाही.

घरातला मोठा गोंधळ असतो तो बाटलीचा. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका वेळी किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम. 10 किलोच्या लेकराला झाले 150. आता 5 मिलीत 120 मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर ते साधारण सहा मिली, 250 वालं असेल तर तीन मिली आणि 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. शेजारणीनं सांगितलेलं "सहा मिली" ड्रॉप्सच्या बाटलीतून दिलं की डोस चौपट झाला. म्हणून लेबल वाचायचं, डॉक्टरांकडून आपल्या बाटलीचा आकडा लिहून घ्यायचा आणि चहाचा चमचा डब्यातच ठेवायचा. दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्यावेत, दिवसभरात चारच्या वर डोस नकोत. 101 ताप असूनही लेकरू भांडी वाजवत बसलं असेल, तर औषधाची घाई कशाला?

मेडिकलमधून "सर्दीचंही काही द्या" म्हणून मागून आणलेली बाटली तर नकोच. वरुडच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या कोल्ड्रिफ सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन लेकरं गेली. कित्येकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं औषध नको, पाचखालीही सहसा नको. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जेवणाचा हट्ट धरू नये. पेज, वरणाचं पाणी, जलसंजीवनी, अंगावरचं दूध, जे घोटभर जाईल ते. सहा-आठ तास शू झाली नाही तर दवाखाना. झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात तीच मिनिटं जातात. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर लगेच 108. थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी वाट बघायचीच नाही.

आणि श्वास. लेकरू शांत असताना, सदरा वर करून, पूर्ण मिनिटभर मोजायचा. एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाची शंका. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने तर फार न शिकलेल्यांनाही मोजता यावा म्हणून मणी सरकवायचं साधन केलं होतं. घरात ही खूण बहुतेकदा आजीलाच आधी दिसते: "याचं पोट उडून रायलं." फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरीत 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे 65 चटके दिले गेले, तेव्हाही बाळाला श्वासाचाच त्रास होता. घरच्यांनी खूण बरोबर ओळखली होती. धावले मात्र विळ्याकडे.

तेव्हा 108 ला फोन लावाल तेव्हा नुसतं "ताप आहे" म्हणू नका. श्वास मिनिटाला किती, शेवटची शू कधी, शेवटचा डोस किती वाजता आणि कुठल्या बाटलीतून, हे सांगा. आणि आजीला सोबत घ्या.