जिवाणूची भूक आणि जिवाणूचं विष

रोगकारक जिवाणू विष का तयार करतो? 'आपल्याला आजारी पाडायला' हे उत्तर अर्धवट आहे. त्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न बऱ्याचदा पोटाचा असतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस घ्या. अनेकांच्या नाकात तो गुपचूप राहतो. जखमेतून आत शिरला तर गळू करतो, कधी थेट रक्तात पोचतो. त्याच्याकडे 'कोड-वाय' नावाचं नियामक प्रथिन आहे. पेशीत जीटीपी आणि आयसोल्युसीन, ल्युसीन, व्हॅलीन ही अमिनो आम्लं भरपूर असली की ती कोड-वायला चिकटतात. मग कोड-वाय डीएनएवर घट्ट बसतं आणि बरीच जनुकं बंद ठेवतं. साठा आटला की ही पकड सैल होते.

पण सगळीकडे एकाच वेळी नाही. साधारणपणे आधी अन्न आत ओढणारी जनुकं सुरू होतात. उपासमार वाढली की विषं आणि आपल्या ऊती फोडणारी एन्झाइम. म्हणजे आधी स्वतःचे डबे शोधायचे, मग शेजाऱ्याची भिंत फोडायची!

आता गंमत बघा. स्टॅफिलोकॉकसच्या अनेक वाणांत कोड-वायचं जनुक काढलं तर विषं वाढतात. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिसमध्ये मात्र उलट: तिथे ही अमिनो आम्लं कमी पडली की कोड-वाय 'पीआरएफए' या रोगकारकतेच्या मुख्य नियामकाचं जनुक चालू करायला मदत करतं. भुकेचा निरोप तोच, पण तो पोचवण्याची तऱ्हा निराळी. त्यामुळे एका जिवाणूवरचा निष्कर्ष दुसऱ्यावर तसाच चिकटवू नका.

नियामकावर काम सुरू करणार असाल तर तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

१. जनुक काढलेला वाण मुळात नीट वाढतो का? हळू वाढणारा जिवाणू 'कमी घातक' दिसणारच. आधी वाढीचा आलेख काढा.

२. माध्यम कोणतं? अमिनो आम्लांनी भरलेल्या माध्यमात कोड-वाय पकड सोडणार कशाला?

३. परिणाम थेट आहे का? स्टॅफिलोकॉकसमध्ये कोड-वाय 'एजीआर' यंत्रणेलाही आवरतं, आणि तीही विषं चालवते. आरएनए वाढला म्हणजे नियामक तिथेच बसतो असं नाही. डीएनएवर तो कुठे बसतो ते वेगळं तपासावं लागतं.

आणि जनुक परत घातल्यावर सगळं पूर्ववत होतं का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही.