साध्या दिवसाची चित्रवही

चित्रवही म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतला चित्रकलेचा तास आठवतो. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी आणि काठावर कौलारू घर. सोलापुरात वाढलेल्या पोरांनीही पिढ्यान्‌पिढ्या हेच चित्र काढलं आहे. आमच्या शहराभोवती तसे डोंगर नाहीत. इथं उघडा माळ आहे, धाब्याची जुनी घरं आहेत, भुईकोट किल्ल्याचे बुरूज आहेत, यंत्रमागांची पत्र्याची शेड आहेत. पण ते कुणी वहीत काढत नाही. जे रोज दिसतं ते काढण्याजोगं नसतं, असा समज लहानपणीच आपल्या मनात घर करून बसतो.

आज मी बोलणार आहे ते नेमकं त्या रोज दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आणि त्यांच्यासाठी ठेवायच्या एका वहीबद्दल.

आधीच सांगतो, मी चित्रकार नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली, तेवढंच माझं चित्रकलेचं शिक्षण. गेली बारा-तेरा वर्षं मात्र रोज पंधरा-वीस मिनिटं एका वहीत काहीतरी काढतो. कवीला विशेषणांची सवय असते. 'भव्य बुरूज' असं लिहिलं की त्याचं काम भागतं. पेन्सिल हातात घेतली की बुरूज नुसता भव्य राहत नाही. तो वर निमुळता होत जातो का, त्याला जंग्या किती आहेत, कोणत्या फटीतून पिंपळ उगवला आहे, हे सगळं बघावं लागतं. शब्दांत थाप मारता येते, रेषेत ती लगेच उघडी पडते.

चित्रवही आणि रोजनिशी यांचं नातं सख्ख्या बहिणींचं आहे. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा १८३२ साली मोरोक्कोला गेला, तेव्हा त्यानं वह्यांमधून भराभर रेखाटनं केली, त्यांवर जलरंगाचे हलके हात दिले आणि शेजारी शब्दांतही टिपून ठेवलं. पुढं कित्येक वर्षं तो त्या वह्यांच्या आधारानं मोठी चित्रं रंगवत राहिला. त्याची ही रीत आपल्यालाही सोयीची आहे. रंगवायला वेळ नसेल तेव्हा रंगाचं नाव लिहून ठेवावं. 'भिंत पिवळी, खाली ओल चढलेली' एवढं लिहिलं तरी घरी येऊन रंग भरता येतो.

आता सामानाचं. महागडी वही लागत नाही. चित्रकलेच्या दुकानात जाड कागद मिळतो. २२ बाय ३० इंचांच्या एका पूर्ण कागदाचे ११ बाय साडेसात इंचांचे ८ तुकडे होतात. असे दोन-तीन कागद कापून बाइंडिंगवाल्याकडून शिवून घेतले की वही तयार. साधारण १५० ते २०० जीएसएमचा कागद असला म्हणजे पाणी लागलं तरी फारसा सुरकुतत नाही. तेवढंही जमत नसेल तर पोस्टकार्डाएवढे तुकडे खिशात ठेवावेत. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस पोस्टकार्डांवर चित्रं काढून शिष्यांना आणि स्नेह्यांना पाठवत असत. एवढ्या मोठ्या माणसाला तेवढा कागद पुरला, तर आपल्याला पुरायला हरकत नाही. सोबत एक पेन्सिल, एक बॉलपेन, जलरंगाची छोटी पेटी, तैलखडूचे चार तुकडे आणि पाण्याची बाटली. एवढं सामान शबनम पिशवीत आरामात मावतं.

'मिश्र माध्यम' हा शब्द जड वाटतो, पण अर्थ साधा आहे. एकाच पानावर पेन्सिल, शाई, रंग, खडू, चिकटवलेला कागद, जे लागेल ते वापरायचं. फक्त क्रम सांभाळावा लागतो. आधी पेन्सिल, मग मेण किंवा तैलखडू, मग पाण्याचा रंग, तो वाळल्यावर शाई आणि चिकटवायचं ते सगळ्यांत शेवटी. मेणावर पाणी ठरत नाही, ही उणीवच उपयोगी पडते. सिद्धेश्वर तलावावर सकाळचं ऊन पडतं तेव्हा पाणी लखलखतं. ते काढायचं असेल तर कागदावर पांढऱ्या मेणबत्तीचे आडवे फराटे ओढायचे आणि वरून निळा रंग फिरवायचा. मेण असेल तिथं कागद कोरा राहतो आणि पाणी चमकल्यासारखं दिसतं. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळं तिच्यावरून रंग फिरवला तरी पसरत नाही. शाईपेनची बहुतेक शाई पसरते. त्याचाही उपयोग आहे. रेषेवरून ओला ब्रश फिरवला की आपोआप सावली पडते.

आणखी एक गंमत आपल्या शहराला फार शोभते. सोलापुरी चादरीवर पातळ कागद अंथरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. चादरीची वीण कागदावर उमटून येते. माक्स एर्न्स्ट या चित्रकारानं १९२५ साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून हीच युक्ती केली आणि पुढं ती कलेच्या इतिहासात गेली. किल्ल्याचा दगड, जुन्या दाराचं नक्षीकाम, झाडाची साल यांचेही असे ठसे घेता येतात. विणीचा ठसा हातानं काढलेल्या रेषांपेक्षा खरा असतो, कारण तो त्या वस्तूनं स्वतः दिलेला असतो.

चिकटवण्याचंही तसंच. पिकासोनं १९१२ साली खुर्चीच्या वेताची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं. पुढं जर्मनीत कुर्ट श्विटर्सनं ट्रामची तिकिटं, फाटके कागद, बारीकसारीक टाकाऊ जिन्नस जोडून चित्रं केली. मला हे सगळं पुस्तकातून कळलं. पटलं मात्र पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या बाईमुळं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं पान कापायचं, वळायचं, दोरा गुंडाळायचा. मी परवानगी घेऊन उंबऱ्याबाहेर बसलो होतो आणि तिचे हात काढत होतो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "चाचा, काय काढालाव?" मी वही दाखवली. म्हटलं, "अक्का, तुमचे हात." तिनं नीट निरखून पाहिलं, म्हणाली, "दोरा दिसंना की." आणि रिळाचा वीतभर दोरा तोडून माझ्या हातात दिला. "हे लावा तिथं. ह्याच्यावरच हजाराचा हिशेब हाय."

विडीची मजुरी हजारावर मोजतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. तो दोरा आजही त्या पानावर आहे. माझ्या रेषेत तिचे हात आहेत. दोऱ्यात तिचं काम आहे. मिश्र माध्यमाचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला. पानावर जे चिकटवायचं ते शोभेचं नसावं, त्या जागेनं आणि त्या माणसानं दिलेलं असावं.

परवानगीचा मुद्दा मी मुद्दाम सांगतो. माणूस काम करत असताना न विचारता त्याचं चित्र काढू नये. विचारलं की बहुतेक जण 'काढा की' म्हणतात. मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की माणसं अवघडतात नाहीतर तोंड फिरवतात. पेन्सिल दिसली की जवळ येतात, गप्पा मारतात. सोलापुरात एका पानासाठी मराठी, कानडी, तेलुगू आणि आमची दखनी, चारही भाषांतून सूचना मिळतात.

मुस्लिम घरांतून माणसांची चित्रं काढण्याबद्दल वेगवेगळी मतं असतात. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना चेहरे काढलेले आवडत नसत. त्यांचा मान राखून मी हात काढले, पाठी काढल्या, वाकलेले खांदे काढले. आता ते वडीलधारे नाहीत, पण सवय राहिली. आणि खरं सांगायचं तर चेहरा आपल्याला बघून बदलतो, कामात गुंतलेले हात बदलत नाहीत.

काही गोष्टी इथल्या हवेनं शिकवलेल्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कागदावरचा रंग पसरायच्या आत वाळून जातो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत बसावं, कागद आधी थोडा ओला करावा, किंवा रंग घरी नेऊन भरावा. तैलखडू उन्हात मऊ पडतात, ते सावलीत ठेवावेत. चिकटवायला मैद्याची खळ चालते. गिरणगावात खळ म्हणजे काय ते सांगणे न लगे! बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो, घरी लहान मुलं असतील तर घालू नये. एसटीचं जुनं छापील तिकीट, कंडक्टर चिमट्यानं छिद्र पाडून देत ते, वहीत वर्षानुवर्षं टिकतं. मशिनमधून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरं मात्र पुसट होत जातात. म्हणून गाव, तारीख आणि भाडं शेजारी पेन्सिलीनं उतरवून ठेवावं.

गड्ड्याच्या यात्रेत काय काढायचं, असं एका विद्यार्थ्यानं मला विचारलं होतं. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर असतात. एकेक माणूस काढायला गेलं तर मिरवणूक निघून जाते. आधी सात उभ्या रेषा ओढाव्यात. त्यांच्या उंचीवरून रस्ता, घरं आणि गर्दी आपोआप मापात येतात. बाराबंदीचा पांढरा रंग रंगवायचाच नाही, कागद कोरा सोडायचा आणि माणसांमधल्या फटी तेवढ्या गडद करायच्या. पण यात्रेइतकंच यात्रेनंतरचं मैदानही काढावं. पाळणे उतरवताहेत, खांबांचे खड्डे उघडे पडले आहेत, कागद उडताहेत. ते फारसं कुणी काढत नाही.

इथं मला या वहीमागचं मुख्य कारण सांगायचं आहे. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. ती असावी की नसावी यावर गावात वर्षानुवर्षं वाद झाले, त्यात मला पडायचं नाही. ती कोसळताना असंख्य मोबाइलमध्ये टिपली गेली. त्या रात्री मी माझ्या जुन्या वह्या चाळल्या. त्यात ती चिमणी अनेक पानांवर सापडली. मी ती कधीच ठरवून काढली नव्हती. काढली होती एक चहाची टपरी, एक बैलगाडी, वीज गेलेली एक संध्याकाळ. चिमणी आपली मागं उभी होती, रोज असते तशी. कोसळणाऱ्या चिमणीची चित्रफीत पुष्कळांकडे आहे. तिच्या साध्या दिवसांची नोंद थोड्यांकडे असेल.

१८७७ साली सुरू झालेल्या आमच्या जुन्या गिरणीचंही तसंच झालं. भोंग्यावर गाव उठायचं, असं म्हातारी माणसं सांगतात. पण पाळी सुटल्यावर फाटकासमोरच्या रस्त्यावर काय विकायला बसत, कामगार डबा कशात बांधून नेत, हे विचारलं की एकेकाचं उत्तर वेगळं येतं. मोठ्या घटनांचा इतिहास लिहिला जातो. साधा दिवस मात्र कुणी लिहीत नाही, कारण तो उद्याही येणार असं सगळ्यांना वाटत असतं.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथं १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन पुढं मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत रंगवत जगप्रसिद्ध चित्रकार झाले. ते तान्हे असतानाच त्यांची आई गेली. तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, असं ते सांगत. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी बायकांना नाक-डोळे नाहीत. उभ्या जगाचे चेहरे काढू शकणाऱ्या हातालाही जे कधी पाहून ठेवता आलं नाही ते आठवून काढता येईना. आपल्याला तर अजून बघता येतं. आई समोर भाकरी थापते आहे, शेजारी माग चालू आहे, कोपऱ्यावर सायकलवाला पंक्चर काढतो आहे.

सुरुवात करताना एक छोटी युक्ती करा. पहिलं पान कोरं सोडा. पहिल्या पानाच्या धास्तीनंच निम्म्या वह्या बंद राहतात. दुसऱ्या पानावर तारीख आणि जागा लिहा, आणि खिडकीतून जे दिसतं ते काढा. रेषा वाकडी आली तरी खोडरबर घेऊ नका, दुसरी रेषा शेजारी ओढा. पंधरा मिनिटं झाली की वही मिटा. चित्र कसं झालं, हे कुणाला विचारू नका. वही भरली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान पोराला दाखवा. म्हातारं माणूस सांगेल, इथं आधी काय होतं. लहान पोर विचारेल, हे काय आहे. ही दोन्ही वाक्यं त्या पानाखाली लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)